आबा आज वेळेवर जेवले

मंडळी, आज सकाळी इंदापूरचं हॉटेल कायमचं बंद केलं. तळलेल्या कोंबडीचं आमचं हे शेवटचं हॉटेल.

माझ्या वडिलांनी, आबांनी, पन्नासच्या दशकात बारामतीत पहिलं काढलं. मग कळंब, मग इंदापूर. पुढं हायवेला चकचकीत हॉटेलं झाली अन् आमची एकेक मिटली.

आबांचा नेम एकच. शेवटचं गिऱ्हाईक उठल्याशिवाय मालकानं जेवायचं न्हाय. थकून घरी बसले, तरी रोज माझा फोन येईपर्यंत उपाशी थांबायचे.

आज फोन न करता घरी गेलो अन् हॉटेल मिटल्याचं भीत भीत सांगितलं.

"समदी जेवून गेली का?" आबांनी विचारलं.

"व्हय, आबा."

"मग आता कुणासाठी थांबायचं? सूनबाई, वाढ."

जीव भांड्यात पडला.

पहिला घास घेऊन म्हणाले, "ऊन भाकरी अशी लागती व्हय!"

तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?