डब्यावरचा इशारा

आमच्या घरात आधी खोकला यायचा आणि मागून वडील. पलटणीतून हवालदार होऊन परतलेला माणूस, दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं सहज संपवायचा. कुंडलच्या आमच्या आळीत तो खोकला ऐकूनच बायका पदर सावरायच्या.

आणीबाणीत त्या पाकिटांवर इंग्रजीत सरकारी इशारा छापून यायला लागला. मी शाळेत शिकवत होते, म्हणून त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. सिगारेट आरोग्याला अपायकारक आहे म्हणताच उरलेलं पाकीट चुलीत गेलं. हुकूम तो हुकूम! पण तलफ सुटेना, तेव्हा ते आईच्या मशेरीकडे वळले. आई तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डब्यात भरायची आणि सकाळी बोटानं दातांना लावायची.

"आदी बग, ह्येच्यावर सरकारनं काय लिवलंय का," वडील म्हणाले.

तंबाखू रद्दीत बांधून आली होती. मी कागद उलटसुलट केला. गुळाचे भाव होते.

"काय न्हाई, आबा," मी हसत म्हणाले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

महिन्याभरात खोकला थांबला. आनंद व्हायचा, तर घरच परकं वाटायला लागलं. वडील कधी मागे येऊन उभे राहायचे, कळायचंच नाही. भाकरी थापता थापता आई दचकायची. "आवं, खाकरा तरी," म्हणायची. भर दुपारी रिकाम्या सोप्यात कुणीतरी आहे असं वाटायचं, आणि वळून पाहावं तर ते खरंच असायचे, तोंडात बोट घालून.

दोन वर्षांनी जिभेखाली चट्टा उठला. मिरजेला नेलं, जीभ काढावी लागली. मग ते पाटीवर लिहायचे. आईला अक्षरओळख नव्हती, तेव्हा त्यांचं बोलणं मी वाचून दाखवायची. हळूहळू आई उत्तरही माझ्याकडेच बघून द्यायला लागली. "आवं, जेवताय न्हवं?" माझ्या अंगावर काटा यायचा. सिगारेटवर एवढं ओरडलेलं सरकार आमच्या तव्यापुढे गप्प का बसलं, याचा संताप यायचा. आणि माझं ते "काय न्हाई" आठवायचं.

ते गेले. दिवस झाल्यावर आईनं मशेरीचा डबा माझ्यापुढे धरला. "ह्येच्यावर कागद कसला चिकटलाय?"

वडिलांचं अक्षर होतं. 'इशारा. मशेरी लावणे आरोग्यास अपायकारक आहे.' खाली सही आणि हुद्दा.

"माज्यासाटी लिवलं त्येंनी?"

"व्हय, आई. सोड आता हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा डबा आणला, पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, मनाची तयारी करतेय. चौथ्या दिवशी वाचता वाचता मी मान वर केली. आई डोळे मिटून ऐकत होती, आणि काळं बोट दातांवरून सावकाश फिरत होतं.

मी थांबले, तसं तिनं बोट काढलं.

"आवं," ती म्हणाली, "परत सांगा की."