जमनाची पापलेटं

हे डबा घेऊन पाळीच्या बसला धावले, मी कुकर लावला आणि दारावर थाप पडली. ब्याऐंशी साल. बोईसरच्या आमच्या कॉलनीत मासळी घेऊन येणारी जमना खालच्या जिन्यापासून ओरडत यायची. थाप मारणारी ती बाई नव्हे. दार उघडलं तर तीच. पाटी उंबऱ्याशी उतरवून म्हणाली,

"वयनी, तू कालेजात गेलेली ना? फिशी म्हंजे काय गो?"

"मासळीसारखा वास येणारं."

"मंग बरोबर हाय. सातपाटीच्या कोलीनबाईला काय अत्तराचा वास येल? पन तेवढ्यासाटी बायका दारं नाय लावीत. आनी काय अर्थ हाय?"

सांगणं भाग होतं. "जिच्यात काहीतरी काळंबेरं आहे, जिच्यावर भरवसा ठेवू नये, अशी."

तिने पाटीवरचं ओलं फडकं घट्ट पिळलं. "त्या दिवशी मी पन हसले गो."

हसली होती खरी. समोरच्या सबनीसबाईंची चांदीची वाटी हरवली, त्या सकाळी जमना त्यांच्या दारात मासे कापून गेली होती. जिन्यात चार बायकांसमोर सबनीसबाई तिला इंग्रजीत फिशी म्हणाल्या. आपल्या वासाची थट्टा समजून जमनाही सगळ्यांबरोबर हसली. दुसऱ्या दिवसापासून अर्धी दारं तिला उघडेनात. पुढे वाटी डाळीच्या डब्यात सापडली. सबनीसबाईंनी ती मला दाखवली, जमनाला नाही. तिला ते त्यांच्या कामवालीकडून कळलं.

तेव्हापासून ती त्या दारात पाटी उतरवत नव्हती. सबनीसबाई नाक मुरडून बाजारात गेल्या. पण सातपाटीच्या बायकांनी इमारती आपसात वाटून घेतलेल्या. एकीचं गिऱ्हाईक दुसरी धरत नाही. बाजारात बसणाऱ्या साखरबाईने इमारत कुठली ते विचारलं आणि पापलेटांवर फडकं ओढलं, "तुमी जमनाच्या. तिलाच इचारा."

आता त्यांच्याकडे मुलीला बघायला पाहुणे येणार होते. कालच माझ्याकडे येऊन म्हणाल्या, तुमच्या नावावर घेऊन ठेवा ना.

"आठ पापलेटं दे," मी पाटीत बघत म्हटलं.

जमनाने चार काढली आणि हात थांबवला. "तुमी घरात चार मानसं."

मी ताट तसंच पुढे धरलं.

"पावने येतात ना समोर? येऊ दे. वरनभात खाऊन जाऊ दे. सातपाटी एवढी जवल, मासली-मावरं कसं नाय, असं इचारलं तर सांगू दे तिला इंग्लिसमदी."

"अगं, त्यात त्या मुलीचा काय दोष?"

"आनी माज्या सुनेचा? माज्यामागं हीच पाटी ती या जिन्यात आननार. चोरटीची सून म्हनून आनू दे?"

"माफी मागितली तर?"

"मागू दे. याच जिन्यात, त्याच बायकांसमोर. मला कलेल अशी, मराटीत."

चार पापलेटं माझ्या ताटात ठेवून तिने पाटी झाकली. नेहमीसारखा मी हात लावला, पाटी डोक्यावर गेली. जिन्याच्या तोंडाशी ती वळली.

"वयनी, तुज्याकडं एकच मागते. माजं मावरं तुज्या घरातून तिच्या घरात जाऊ देऊ नको."