कानबाईचा रोट आणि मी नेलेले पाहुणे

मंडळी, आज माझ्या हातून चूक झाली. सकाळपासून मन खातंय.

मी जळगावहून पर्यटकांना खान्देशातली गावं दाखवायला नेतो. आज चौघांना दोंडाईच्याजवळ माझ्या काकूकडे नेलं. घरी बसवलेल्या कानबाईचं, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचं, विसर्जन नुकतंच झालं होतं.

कानबाईचा रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याची जाड पोळी, आमच्यात फक्त कुळातली माणसं खातात. लेकीचं लग्न झालं की तिलासुद्धा मिळत नाही. पाहुण्यांना तो चाखायचाच होता. मी म्हणालो, "काकू, दे ना एकेक तुकडा, लांबून आलेत."

काकूने एकेक तुकडा तोडून दिला. एकाने फोटो काढला आणि अर्धा तुकडा ताटातच टाकला.

दारात काकूची लेक सुनीता उभी होती, साक्रीहून माहेरी आलेली. हळूच म्हणाली, "दादा, या लोके आपला कुळमा कधी उनात?"

टोमणा नव्हता. ही माणसं आपल्या कुळात कधी आली, हे ती खरंच विचारत होती.

तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तिच्यासाठी काकूकडे एकदाही शब्द टाकला नाही. अनोळखी माणसांसाठी मात्र लगेच टाकला.

तुमच्याही घरी अशी एखादी सुनीता असेल. तुम्ही तिच्यासाठी शब्द टाकलात कधी?