इंगवले बाईंचा रिकामा हात

दुपारची भांडी पालथी घालून वैजयंता लेकीशेजारी जरा आडवी होते. दुपारची झोप ती, पापणी जड आणि कान जागे. बाहेर कुणीतरी शेळीला हाकलतंय, ते ऐकू येतं. मग हाकलणं लांब जातं आणि त्याच आवाजात कुणीतरी ओरडतं, "हात मार, हात! पाणी काय खातंय व्हय तुला?"

इंगवले बाई! महिन्यापूर्वी शाळेत फळा पुसता पुसता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. वारणाकाठच्या या गावात पूर्वी दर पावसाळ्यात नदी एखादं तरी पोर न्यायची. बाई बदलून आल्या आणि हेका धरून बसल्या, माझ्या वर्गातलं पोर पोहायला शिकल्याशिवाय पाचवीत जायचं नाही. रोज शाळेआधी मळ्यातली विहीर. पोराच्या पाठीला सुका भोपळा, कमरेला दोर आणि दोराचं टोक बाईंच्या हातात. सगळं फुकट, वर दमलेल्याला गूळ-शेंगदाणे. पोरींना पाण्यात घालता म्हणून आया भांडायला आल्या, तर बाईंनी त्यांनाही विहिरीत उतरवलं. वैजयंता बाईंच्या पहिल्या वर्गातली. आता तिची ईश्वरी शिकत होती, ती अर्ध्यावरच राहिली. "आई, तू धर की दोर," पोरगी रोज म्हणते. वैजयंता रोज "बघू" म्हणते. तिला धीर होत नाही.

बाई कठड्यावर बसल्यात, पदर खोचून. वैजयंता विहिरीच्या पायऱ्या उतरते तर खाली चौथीचा वर्ग. बाकांमधून हिरवं पाणी, फळ्यावरचे पाढे मात्र कोरडे.

"बाई, तुम्ही गेलात ना?"

"गेले की. म्हणून काय शाळेला सुट्टी?"

वैजयंताला रडू फुटतं. इतके दिवस घरात, चारचौघांत दाबून धरलेलं.

बाईंची एक खोड साऱ्या गावाला ठाऊक होती. एखाद्या दिवशी त्या गुपचूप दोर सोडून द्यायच्या आणि हात मात्र तसाच पुढे धरून बसायच्या. पोराला वाटायचं, धरलाय. आपला दोर कधी सुटला हे कुणालाच माहीत नाही. विचारलं तर बाई नुसत्या हसायच्या.

"बाई, माझा कधी सोडलात?"

"पहिल्याच आठवड्यात. पुढं महिनाभर रिकामा हात धरून बसले. तू सारखी वर बघायचीस ना! दंड भरून यायचा गं."

"मी बुडेन असं नाही वाटलं?"

"वाटायचं की. रोज वाटायचं. घरी गेल्यावर घास उतरायचा नाही." बाई पदराने तिचं तोंड पुसतात. "पण ते तुला दाखवून कसं चाललं असतं?"

बाईंना भीती वाटत असेल, हे वैजयंताच्या कधी मनातच आलं नव्हतं.

वर्गाचं दार एसटीच्या थांब्यावर उघडतं. बाई पिशवी उचलतात. दोर आता वैजयंताच्या हातात आहे, आणि पार पलीकडे, पाण्यात, ईश्वरीचं डोकं तेवढं दिसतंय.

"बाई, थांबा. मला नाही जमायचं."

"हात पुढं ठेव. मूठ उघड."

"नाही उघडत हो!"

बाई तिचं एकेक बोट सोडवायला लागतात. त्यांचा हात ऊन आहे, खडूने खरखरीत. एसटी सुरू होते.

"आई! सोड की! दुखतंय मला!"

वैजयंता डोळे उघडते. ईश्वरी उठून बसलीय आणि आईची बोटं सोडवतेय. तिच्या फ्रॉकचा कमरेचा बंद वैजयंताने मुठीला वेढे देऊन करकचून धरलाय.

"का रडतीयास?"

"बाई गेल्या गं आपल्या," वैजयंता म्हणते. हुंदका आवरत नाही, आणि ती आवरतही नाही.

मग ती मूठ उघडते. बंद सुटतो, ईश्वरी टुणकन उठून अंगणाकडे पळते. वैजयंताचा हात तसाच पुढे राहतो, तळव्यावर बंदाचे लाल वळ घेऊन. तो दुखतोय, तरी ती मागे घेत नाही. पोरगी उंबऱ्यावरून एकदा वळून बघते आणि पुढे जाते.