ज्वारीतून बगलेवरचा हल्ला

इस्माईलभाई ज्वारीत पडले ते उठेनात. मी टेकडीवर शिट्टी तोंडात धरून उभा. शेजारी यवतमाळहून इन्स्पेक्शनला आलेले साहेब.

"हे प्रोग्रॅममध्ये आहे का?" साहेबांनी विचारलं.

नव्हतं.

चीनच्या लढाईनंतरचा हिवाळा. फौजेतून परतलेला मी हवालदार, फुलसावंगीकडच्या खेड्यांत गावरक्षकांना ट्रेनिंग देत होतो. घरात माझं पोरंसुद्धा ऐकत नसत. इथे मोठी माणसं ऐकतात, म्हणून मीही जरा छाती काढून चालत असे.

त्या दिवशीचा धडा साधा होता. डिफेन्स, म्हणजे खड्ड्यात मोर्चा धरून बसायचं आणि जागा सोडायची नाही. अटॅक दोन तऱ्हांचा. फ्रंटल, म्हणजे थेट समोरून. फ्लँकिंग, म्हणजे थोड्यांनी समोर गलका करून शत्रूला गुंतवायचं आणि बाकीच्यांनी आडोशाआडोशाने त्याच्या बगलेवर जायचं. बंदुका लाकडाच्या, त्यामुळे धोका कसला?

मोर्च्यात गावचे शेतकरी. अटॅकला पुसदची मंडळी, म्होरके इस्माईलभाई, मोटार मेकॅनिक. आडोसा म्हणून मी त्यांना डावीकडची ज्वारी दाखवली. पुरुषभर उंच, हुरड्यात आलेली. असं झकास ग्राउंड शोधलं म्हणून मी स्वतःवरच खूश. ती मोर्च्यातल्या गणपतरावांची होती, हे विचारायचं सुचलंच नाही.

समोर गलका सुरू झाला. डावीकडे कणसं हलली, ताटं कडाकड मोडली. गणपतराव खड्ड्यातून उठले.

"गणपतराव, खाली बसा," मी टेकडीवरून ओरडलो.

त्यांनी कमरेची गोफण सोडली. राखणीच्या दिवसांत पाखरं हाकायला ती प्रत्येकाच्या कमरेला असायचीच. एक गरका, दगड सुटला, आणि कणसं हलायची थांबली.

मी टेकडीवरून खाली धावलो. माझ्या आधी गणपतराव पोचले. इस्माईलभाईंच्या डाव्या कानातून रक्त वाहत होतं, डोळे मिटलेले. गणपतरावांनी डोक्याचा दुपट्टा ओढून तिथे दाबला.

"बोल ना भाऊ," ते म्हणाले. "कायले गप राह्यला?"

इस्माईलभाईंनी एक डोळा उघडला.

"आमच्याजोळ त लाकडाची बंदूक व्हती, गणपतभाऊ. तुमी त सच्चीच लढाई केली."

मी तिथेच खाली बसलो. साहेब धापा टाकत आले आणि गणपतरावांवर गरजले, "मोर्चा का सोडलास?"

"कुठी सोडला, साहेब?" गणपतरावांनी रक्ताळल्या हाताने मोडलेली ताटं दाखवली. "माहा मोर्चा त हा होय."

 

इस्माईलभाईंना बैलबंडीत घालून पुसदला नेलं. कान शिवला, जीव वाचला, पण त्या कानाने पुन्हा ऐकू आलं नाही. पुढे इंजिनाचा बिघाड ओळखायला ते उजवा कान बॉनेटला लावत.

मी ट्रेनिंग देत राहिलो. फक्त फळ्यावर खडूने अटॅकचा बाण काढण्याआधी विचारू लागलो, "हे वावर कोणाचं?"