निघताना बोलू नये ते

सातपाटीच्या वत्सलाबाईकडून बोंबील घ्यायचे तर डोळे मिटून घ्यावेत, असं बोईसरच्या बाजारात म्हणतात. बाजारात असं कुणाबद्दल म्हणणं म्हणजे कमालच, कारण बाजार हा मुळात डोळे उघडे ठेवून जायचा मुलूख. पण वत्सलाची तऱ्हाच निराळी. गिऱ्हाइकाने उचललेलं पापलेट ती स्वतःच्या हाताने काढून घ्यायची आणि म्हणायची, "हे कालचं हाय. तुझ्या घरी पोरं हायत, तुला नको." शेजारी बसणारी रत्नाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "अगो बाय, असा धंदा करतात काय?" पण धंदा तसाच व्हायचा. ज्याला आज परत पाठवलं तो उद्या आणखी दोघांना घेऊन यायचा.

वत्सलाला याचा मोठा अभिमान होता. माणसाला अभिमान कशाचा तरी लागतोच, आणि जिथे अभिमान तिथेच एक दिवस ठेच लागते.

तिचा नवरा रामा तांडेल. म्हणजे बोट चालवणारा, समुद्रात खलाशांचा बाप. त्याच्या हाताखालच्या खलाशांत रत्नाबाईचा एकुलता एक बबलूही होता. वत्सलाचा मुलगा दर्पण बोईसरच्या कारखान्यात नोकरीला, इंग्रजी फाडफाड बोलणारा. तिला घर, धंदा आणि वर आणखी एक हौस होती, ती म्हणजे सहल काढायची. पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन बोटी किनाऱ्यावर चढल्या की आळीतली चार घरं मिळून कुठे ना कुठे जायची, आणि पुढारीण वत्सला. अष्टविनायक झाले, हैदराबाद झालं. मग पलीकडच्या आळीतले लोक दुबईला जाऊन आले, आणि आल्यापासून खजूर सोडून दुसरं काही बोलेनात. ते ऐकून ऐकून रत्नाबाईचं डोकं उठलं. "आपण काय मेलोत काय?" ती म्हणाली. थायलंड ठरलं.

बोईसरला स्टेशनजवळ एका जिन्यावर वैभवी नावाच्या मुलीचं सहलींच्या बुकिंगचं छोटं ऑफिस होतं. तिचे वडील वर्ध्याकडचे, नोकरीपायी इकडे आले आणि इकडचेच झाले. मुलगी कामाची चोख. चारही घरांची माणसं तिच्या खोलीत दाटीवाटीने बसली, तेव्हा तिने विम्याचं समजावून सांगितलं. "परदेशात कुणी आजारी पडलं तर दवाखान्याचा खर्च कंपनी करते. फक्त आधीचं काही दुखणं असेल तर आताच सांगायचं. नंतर ते निघालं तर कंपनी हात वर करते." आणि ती एकेकाला विचारू लागली. रत्नाबाईने आपली साखर सांगितली, गुडघे सांगितले, न विचारता जावेचं पित्तही सांगितलं.

"रामाकाका, तुम्हाला काही? रक्तदाब, हृदयाचं काही?"

रामाने तोंड उघडलं. त्याच्या आधी वत्सलाच बोलली. "अगो, निघायच्या वक्ताला असलं वंगाळ तोंडातून काढू नये. आमच्यात बोट निघताना 'जातो' पण नाय बोलत, 'येतो' बोलतात. यांना काय बी नाय. ठणठणीत हाय माझा घरवाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण रिवाजाचं बोलली त्यात खोटं काही नव्हतं. बंदरावर कुणी निघत असताना बाया बुडण्याचं, मरण्याचं, दुखण्याचं नाव काढत नाहीत, हे आळीतलं पोरदेखील जाणतं. वैभवीने हसून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. मग चहा आल्यावर तिने वत्सलाला बाहेर गॅलरीत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, आत माणसं होती. आता एकटीला विचारते. काका जिना चढून आले तेव्हा फार धापा टाकत होते. खरंच काही नाही ना?"

"नाय बोलली ना एकदा," वत्सला म्हणाली.

आणि इथेच ती फसली. कारण रामाच्या हृदयाची नळी दोन वर्षांपूर्वी तुंबली होती. वलसाडकडे त्याच्या बहिणीच्या गावी नेऊन तिथल्या दवाखान्यात उपचार केले होते, आणि आळीत सांगितलं होतं की बहिणीकडे लग्न आहे. तांडेलाचं काळीज कच्चं आहे म्हटल्यावर कोण खलाशी त्याच्या बोटीवर पाय ठेवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीवर दोन हंगाम निघाले. रिवाजाचं कारण तिने चारचौघांत पुढे केलं ते ठीक, पण गॅलरीत तर कुणीच नव्हतं. तिथे तिने पोरीला सरळ शिळं ते ताजं म्हणून दिलं, आणि ते तिचं तिला तेव्हाच कळलं होतं.

थायलंडला पोचल्यावर हॉटेलात सकाळी नाश्त्याला रामा पपईची फोड तोंडात घालणार तोच खुर्चीवरून कलला. दवाखान्यात डॉक्टर सोबत आलेल्या दर्पणशी इंग्रजीत बोलले. दर्पण बाहेर आला तो पांढराफटक पडला होता. काचेपलीकडे आळीतली सगळी माणसं उभी होती. वत्सलाने मुलाकडे पाहून डोळ्यांनीच नको म्हटलं. तो सगळ्यांना म्हणाला, "छातीत वायू अडकला होता. खाण्यातून झालं."

विमा कंपनीने हात वर केले. मग खरेदीसाठी आणलेले सगळ्यांचे पैसे दवाखान्यात गेले. बेटावर जायचं होतं ते कुणीच गेलं नाही. रत्नाबाईने तर बबलूच्या साखरपुड्यासाठी काही घ्यायचं म्हणून कमरेला बांधून ठेवलेली पुरचुंडी सोडून वत्सलाच्या हातात दिली, आणि वर म्हणाली, "माणूस राहिला, बस झाला." वत्सलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत आल्यावर आळीचा राग कुणावर तरी निघायला हवा होता, तो वैभवीवर निघाला. साध्या वायूचा खर्च देत नाहीत म्हणजे पोरीने फसवलं, एवढं सरळ होतं ते. पाचसहा बायका बोईसरला तिच्या जिन्यावर चढल्या. पुढे रत्नाबाई आणि सगळ्यांत मागे वत्सला.

"गोड बोलून विमा विकलास आणि वेळेला शेपूट घातलंस! गरिबांना लुबाडून कुठं फेडशील?" रत्नाबाईचा आवाज खाली रिक्षावाल्यांपर्यंत गेला.

वैभवी खुर्चीतून उठली. "कंपनीने का नाकारलं ते मी फक्त मावशींच्या घरच्यांनाच सांगू शकते. दुसऱ्याच्या घरचं चारचौघांत नाही सांगता येत."

"बघा, कशी गिळून बसली!"

तेव्हा वैभवीने बायकांच्या खांद्यांवरून वत्सलाकडे पाहिलं. "मावशी, तुम्हीच सांगा. मी विचारलं होतं ना?"

सगळ्या मागे वळल्या. वत्सलाच्या तोंडून निघालं, "मला काय आठवत नाय."

वैभवीने खुर्ची ओढली आणि बसून राहिली. जिना उतरताना रत्नाबाईने वत्सलाचा दंड धरला होता. तिला वाटलं, नवऱ्याच्या आजारपणाने बाई खचली आहे.

नंतर वत्सला बाजारात बसायची, पण तिचं लक्ष नसायचं. पावसाळ्यात ताजं कुठलं, सुक्या बोंबलांचा ढीग पुढ्यात. एक दिवस वैभवीची आई, भाग्यश्रीबाई, आली. ती वत्सलाचं जुनं गिऱ्हाईक. आपल्या मुलीची आणि हिची गाठ कुठल्या प्रकरणात पडली आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

"यंदाचेच आहेत ना हो बोंबील?"

"वरचे यंदाचे. खालचे गेल्या साली सुकवलेले, ते घेऊ नको," वत्सला सवयीने म्हणाली.

"म्हणून तर तुमच्याकडे येते. खरं सांगता." भाग्यश्रीबाईने पिशवी उघडून धरली आणि बोलता बोलता सांगितलं, मुलगी ऑफिस बंद करायचं म्हणते. सातपाटीची माणसं येईनाशी झाली, त्यांचं बघून पालघरचीही. "कुणीतरी बाई ऐनवेळी खोटी पडली म्हणे. नाव विचारलं तर सांगत नाही. म्हणते, जाऊ दे आई, त्यांच्याही घरात काही असेल."

वत्सलाने बोंबील मोजून घातले की न मोजता, तिला कळलं नाही. रत्नाबाई शेजारी बसून माश्या वारत होती आणि म्हणाली, "कोण गो असली सटवी?" वत्सलाने पदराने तोंड पुसलं. बोंबलांची पाटी तिथेच रत्नाबाईच्या भरवशावर टाकून ती उठली आणि थेट वैभवीच्या ऑफिसात गेली.

खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. वत्सला दारातच उभी राहिली. "पोरी, तू तीनदा विचारलंस. मी खोटं बोलली. दोनदा. एकदा सहलीच्या आधी आणि एकदा आल्यावर, हितंच, सगळ्यांसमोर." तिला रडू येत होतं आणि थोडं मोकळंही वाटत होतं, आणि त्या मोकळं वाटण्याचीही तिला लाज वाटली.

वैभवीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, मला सांगून काय होणार? मला तर माहीतच होतं."

एवढंच बोलून ती पुन्हा खोकं बांधू लागली. वत्सलाला कुणी बस म्हटलं नाही, आणि कुणी म्हणावं असं तिनेही काही केलं नव्हतं.

घरी आली तर रामा जाळी नीट करत बसलेला. बंदी उठत आली होती. "परवा काढतो बोट," तो म्हणाला. ती जाऊ नका म्हणाली तसा हसला. "मग काय घरी बसून तुझे बोंबील राखू? बरा हाय मी आता. आनि आळीला काय सांगशील?" दर्पण दारात बूट घालत होता. तो कुणाकडेच न बघता म्हणाला, "आई, बोटीवर बबलू पण हाय. त्याचं लगीन हाय दिवाळीनंतर." आणि कामावर गेला.

बोट निघायच्या दिवशी बंदरावर सगळी आळी जमली. बोटीला हार घातलेले, उदबत्त्यांचा वास, बायका हिरव्या लुगड्यांत. खलाशी चढले. बबलूने वरून आईला हात केला. रिवाजाप्रमाणे तांडेलाच्या बायकोने समुद्राला नारळ द्यायचा आणि म्हणायचं, सुखाने या. दरसाल वत्सलाच म्हणायची. रत्नाबाईने नारळ तिच्या हातात दिला.

वत्सला पाण्यात घोट्यापर्यंत उतरली. तिने बोटीकडे पाहिलं. रामा सुकाणूशी उभा होता, एक हात छातीवर. तो हात तिथे का आहे हे त्या गर्दीत फक्त तिला माहीत होतं.

"थांबा," ती म्हणाली. गर्दीत कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा ओरडली. "थांबा रे! यांचं काळीज आजारी हाय. थायलंडला वायू नव्हता झाला. दोन वर्सं झाली. वलसाडला लगीन नव्हतं, दवाखान्यात नेलेलं. ती बोईसरची पोर मला तीनदा विचारत होती आनि मीच नाय बोलली. तिने काय बी फसवलं नाय. मीच तुमाला सगळ्यांना फसवलं."

बंदरावर निघायच्या वेळी असलं कधी कुणी बोललं नव्हतं. एका म्हातारीने "अगो, तोंड आवर!" म्हणून कानांवर हात ठेवले. रामा हळूच खाली बसला. त्याने मान वर केली नाही, पण नाही असंही म्हणाला नाही. एकेक खलाशी उतरू लागला.

रत्नाबाई पाण्यात पुढे आली. तिच्या तोंडाळपणाला सगळा गाव भ्यायचा, आणि वत्सला वाट पाहत होती की आता ती सुरू होईल. पण ती अगदी हळू बोलली. "दोन हंगाम माझा पोर त्या बोटीवर होता. दोन्ही वेळेला नारळ तूच दिलास. मी तुझ्या बाजूलाच उभी होती गो."

नारळ वत्सलाच्या हातात तसाच होता. तो द्यायचा कुणाला हेही तिला सुचेना.

रत्नाबाईने बबलूचं मनगट धरलं. एवढा बाप्या, लग्नाला आलेला, पण लहान पोरासारखा आईमागून चालू लागला. ती दहा पावलं गेली आणि थांबली. वळली तेव्हा तिचा चेहरा रागाचा नव्हता, दुसराच कसला तरी होता, आणि तो वत्सलाला चांगलाच ओळखीचा वाटला.

"त्या पोरीचा नंबर हाय काय तुझ्याकडं?" तिने विचारलं. "मी तिला काय काय बोलली."

वत्सलाने कमरेचा फोन काढला. तिला नंबर सापडेना. शेवटी बबलूनेच तो तिच्या हातातून घेतला आणि शोधून आईला दिला.