दप्तरीमामांचे खिसे

दप्तरीमामा कुठलंही पुस्तक मागून उघडत. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. बांधलेला प्रबंध हातात आला की नाव नाही, विषय नाही, आधी शेवटचा पुठ्ठा उलटायचा आणि आतल्या बाजूने बोट फिरवायचं. तिथे त्यांनी स्वतः चिकटवलेला कापडी खिसा असे. संशोधकाचे नकाशे, फोटो, घडीचे तक्ते, असं पानांबरोबर शिवता न येणारं सगळं त्यात जायचं. एकदा मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? म्हणाले, "पुस्तकाला बी खिसा पायजे मॅडम. बिनखिशाचा सदरा कोन घालतो का?"

विद्यापीठ मुंबईच्या जुन्या इमारतीतून नेरूळला आलं तेव्हा मामा प्रबंधांच्या खोक्यांबरोबर टेम्पोत मागे बसून आले होते. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा होती, तरी. "एवढ्या वर्षांत कुलगुरू किती गेले, पन माझ्याकडनं पान एक गेलं नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ग्रंथपाल सर पाहुण्यांना ग्रंथालय दाखवताना तेच वाक्य मामांच्या देखत सांगायचे. मामा मान खाली घालून खळ ढवळत बसायचे, पण कान तिकडेच असायचे. मी आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि ते वाक्य घेऊनच घरी जायचं त्यांच्या मनात पक्कं होतं.

सत्त्याण्णव साली मी तिथे रुजू झाले ती टेंपररी म्हणून. ग्रंथालयशास्त्राची पदवी, वर कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स, त्यामुळे डोकं जरा आभाळातच होतं. जुने प्रबंध आणि विद्यापीठाचे अहवाल स्कॅन करून सीडीवर घ्यायचे, म्हणजे पुढेमागे कुणालाही कुठूनही वाचता येतील, अशी योजना होती. मला वाटलं, हा जुना माणूस आडवा येणार. झालं उलटंच. मामा स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले, पडद्यावर पान उमटताना पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे आमच्या खेडच्या शाळेतल्या मास्तरला बी हे दिसंल?" मी म्हटलं, दिसेल कधीतरी. त्यावर ते दिवसभर खुशीत होते.

घट्ट बांधलेला प्रबंध स्कॅनरवर सपाट बसेना. पानं सुटी करणं भाग होतं. मी कटिंग मशिनवर पुस्तकाची पाठ उडवायचं सुचवलं, तर मामा म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. मी बांधलंय, मीच सोडवतो." मग रोज सकाळी ते एकेका प्रबंधाचा दोरा उसवत, पानांचा गठ्ठा नाडीने बांधून माझ्या टेबलावर ठेवत, आणि पुठ्ठे व्हरांड्यात रचत. पुन्हा शिवता यावं म्हणून पानाला एकही काप त्यांनी दिला नाही. मी मात्र पानांवरचे आकडे जुळले की काम संपलं असं समजत होते. खिशातल्या वस्तूंवर पानांचे आकडे नसतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

भाचीच्या लग्नासाठी मामा चार दिवस गावी निघाले. जाताना मुद्दाम माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "पुठ्ठे हलवू नका हां. खिसे रिकामे करायचे राह्यलेत." मी पडद्यावरची नजर न काढता "हो हो" म्हटलं. दुसऱ्याच दिवशी सरांनी सांगितलं, पाहणी समिती येतेय, व्हरांडा मोकळा करा. मामांचं बोलणं मी विसरले नव्हते, हे इथे सांगितलंच पाहिजे. मी वरचे तीन पुठ्ठे उलटून पाहिले. तिन्ही खिसे रिकामे निघाले. सगळेच रिकामे असणार, असं मी ठरवून टाकलं आणि रद्दीवाल्याला बोलावलं.

मामा परत आले, व्हरांड्यात उभे राहिले, आणि मला एवढंच विचारलं, "खिसे बघितले व्हते ना?" मी म्हटलं, "बघितले." ते बरं म्हणाले आणि कामाला लागले. माझ्या शब्दावर त्यांनी पुन्हा शंका घेतली नाही.

पावसाळा संपता संपता खाडीकाठच्या गावातले एक निवृत्त मास्तर आले. त्यांच्या गावावर फार वर्षांपूर्वी कुणीतरी प्रबंध लिहिला होता. त्यात हाताने काढलेला एक नकाशा होता, आणि त्यातली प्रत्येक मिठागराची, बांधाची, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या उघाडीची नावं मास्तरांच्या वडिलांनी सांगितलेली होती. आता तिथे नव्या शहराच्या सेक्टरांचे आकडे होते. गावकीला ती नावं लिहून घ्यायची होती. मी ऐटीत सीडी लावली. सर होते, मामाही कौतुकाने येऊन उभे राहिले. पानामागून पान सरकलं आणि शेवटी एक ओळ आली : 'नकाशा मागील खिशात पाहावा.'

नावं उतरवून घ्यायला आणलेली वही मास्तरांनी मिटली. मग म्हणाले, "बाबा गेला, त्याच्या बरोबरची मानसा पन गेली. आता ती नावा सांगनारा गावात कोनी नाय."

सरांनी विचारलं, "खिशातलं कुठे आहे?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण त्यात त्यांना सगळं कळलं. मग ते सरांकडे वळून म्हणाले, "माझ्याकडनं राह्यलं सर. खिसे मी काढायचे व्हते. न काढता रजेवर गेलो." माझा हात माउसवर होता. तो तिथून हलला नाही आणि तोंडही उघडलं नाही.

आठवड्याभरात मामांना लेखी समज मिळाली. सही करून त्यांनी कागद नीट घडी घालून घेतला. संध्याकाळी ते एकटे सापडले तेव्हा मी विचारलं, असं का केलंत? म्हणाले, "तुमी टेंपररी. तुमाला काढून टाकतील. माझं काय, चार महिने." त्यावर मी 'थँक्यू' म्हणाले. दुकानदाराने सुटे दिल्यावर म्हणतात तसं. तो शब्द आठवला की आजही माझे कान तापतात.

निरोप समारंभात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. शाल झाली, नारळ झाला, सर मनापासून बोलले. फक्त पान न गेल्याचं ते एक वाक्य त्यांनी गाळलं. मामा वाट बघत होते की काय, मला ठाऊक नाही. माईक माझ्या हातात होता आणि समोर सगळं ग्रंथालय बसलं होतं. मी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. त्याच वर्षी मी कायम झाले.

मामा गेल्याचं कळल्यावर मी दिघ्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीने चहा केला आणि ती म्हणाली, "शेवटी शेवटी बाबांच्या हातून एक नकाशा हरवला, त्याचं त्यांना लई लागलेलं. पण 'मॅडमनी मला सांभाळून घेतलं' असं म्हणायचे." म्हणजे घरीसुद्धा. स्वतःच्या लेकीलासुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. मी चहा संपवला, कप मोरीत ठेवून आले आणि तेव्हाही काही बोलले नाही.

आज ते सगळे प्रबंध विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आहेत, खेडच्या शाळेतूनही उघडतात. संग्रहाची प्रमुख म्हणून पहिल्या पानावर माझं नाव आहे. त्या प्रबंधाच्या नोंदीखाली इतकी वर्षं 'नकाशा उपलब्ध नाही' एवढंच होतं, आणि तेही मीच लिहिलेलं. मागच्या आठवड्यात ते पुसून मी लिहिलं, 'नकाशा माझ्या निष्काळजीपणामुळे रद्दीत गेला. दप्तरींनी आधी बजावले होते.' खाली माझं नाव घातलं. बटण दाबलं की ते जगभर दिसतं, त्याला धाडस लागत नाही. दिघ्याला जाऊन त्यांच्या मुलीला सांगायचं आहे. अजून गेलेले नाही.